सक्त हरकत, कॉस्ट लावावी

वकिलीची सनद हातात पडली की पहिल्याच दिवशी आपण कोर्टात उभं राहून कुणाचं तरी भलं किंवा वाटोळं करणार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं मी सह्या गोळा केल्या. आमचे साहेब म्हणजे कारखानदारांच्या बाजूचे मोठे वकील. एका दिवशी चार ठिकाणी त्यांना उभं राहायचं असायचं, आणि ते बहुतेक वेळा पाचव्याच ठिकाणी असायचे. मग माझ्या हातात मुदतीचा अर्ज यायचा. 'आमचे वरिष्ठ वकील आज हायकोर्टात व्यग्र असल्याने काम पुढे ठेवावे, ही विनंती.' हा अर्ज घेऊन आधी समोरच्या बाजूकडे जायचं. समोरच्याने कोपऱ्यात 'हरकत नाही' असं लिहून सही करायची आणि मग तो जजसाहेबांपुढे ठेवायचा. समोरचा सही करतो, कारण पुढच्या महिन्यात त्यालाही मुदत लागणार असते. याला आमच्यात सौजन्य म्हणतात. ज्याची नोकरी गेलेली असते तो कामगार मागच्या बाकावर बसून हे सौजन्य बघत असतो.

ज्ञानोबा शेडगे हे सौजन्य पाळत नसत. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कामगार कोर्टाच्या व्हरांड्यात ते मला पहिल्यांदा दिसले तेव्हा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालले होते. मी हाक मारली तरी थांबले नाहीत, म्हणून मीही त्यांच्या बरोबरीने चालू लागले. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, खांद्याला रेक्झिनची पिशवी, हातात मोटरसायकलची किल्ली, आणि ती किल्ली सारखी बोटांवर वाजवायची सवय.

"नवीन दिसतीस. कुटली गं पोरी?"

"पौडची."

"म्हंजे मुळशीचीच की. मी चांद्याचा." त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, काम झालं.

त्यांनी अर्ज घेतला, भिंतीवर टेकवला, आणि गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सक्त हरकत. कॉस्ट लावावी.' मग 'सक्त' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. भिंत खडबडीत होती, त्यामुळे दुसऱ्या रेघेला कागद फाटला.

"तुझ्याव राग न्हाई," अर्ज परत देत ते म्हणाले. "पन तुझ्या सायबाला सांग, शेडगे हाय तितं हायच."

कॉस्ट म्हणजे दंड नव्हे, खर्च. ज्याने विनाकारण दुसऱ्याचा आणि कोर्टाचा दिवस फुकट घालवला, त्याने समोरच्याला भरून द्यायचा खर्च. रक्कम फार नसते. कारखान्याच्या मालकाला ती कळतही नाही. पण कोर्टाच्या रोजनाम्यात एक ओळ पडते की अमुक बाजूचं वागणं बरोबर नव्हतं, आणि ती ओळ वकिलाला झोंबते. शेडगेंना रकमेशी घेणं नव्हतं, त्यांना ती ओळ हवी असायची.

ते वकील नव्हते. कामगार संघटनेचे प्रतिनिधी म्हणून उभे राहायचे. शिक्षण जुनी अकरावी. पण आमच्या साहेबांसारखे साहेबही त्यांच्यासमोर कागद दोनदा तपासून उभे राहत. कोर्ट अकराला सुरू व्हायचं आणि शेडगे चांद्याहून सातला निघायचे. हिंजवडीची ती गर्दी, कंपन्यांच्या गाड्यांच्या रांगा, मेट्रोचे पत्रे, हे सगळं पार करून ते साडेनऊला व्हरांड्यात हजर. मी एकदा म्हटलं, "काका, एवढ्या लवकर कशाला?" तर म्हणाले, "कामगार धा मिंटं उशिरा आला तर तुमी अर्धा दिवस कापता. मंग मी उशिरा येऊन कसं चालंल?" हिंजवडीच्या चौकात अडकून पडणं त्यांना फार लागायचं. म्हणायचे, "ती बी मुदतच. निस्ता अर्ज करावा लागत न्हाई, येवढंच."

बसलेले मी त्यांना पाहिलेच नाहीत. चहा उभ्याने, तोही गरम असतानाच घशाखाली. भाकरी खायची ती व्हरांड्याच्या कठड्यावर डबा ठेवून. बाकावर जागा असली तरी "बस बस" म्हणून दुसऱ्याला बसवायचे आणि स्वतः फेऱ्या मारायचे. मला ते बघून थकवा यायचा. एकदा चिडून मी म्हटलं, "अहो, पुकारा व्हायला अजून तास आहे. जरा टेका की." ते म्हणाले, "टेकलं की मानूस थांबतो. आन आपुन थांबलेलंच पायजे असतंय तुमच्या कंपन्यास्नी." उगाच विचारलं असं झालं मला.

ही तगमग कुठून आली ते मला नंतर कळलं, आणि तेही त्यांच्या तोंडून नाही. चांद्याला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या सुनेने सांगितलं. शेडगे तरुणपणी एका कारखान्यात टर्नर होते. संघटना केली म्हणून काढलं. त्यांनी केस लावली. त्यांचा वकील चांगला माणूस होता, समोरच्या वकिलाचा मित्रही होता, आणि दर वेळी सौजन्याने 'हरकत नाही' लिहायचा. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. शेवटी शेडगे जिंकले. कामावर परत घ्या, असा स्वच्छ हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन, हुकमाची प्रत खिशात घालून कारखान्यावर गेले. तिथे कारखाना नव्हता. तो कधीच बंद होऊन विकला गेला होता, आणि त्या जागी सोळा मजली इमारती उभ्या होत्या. कमानीपाशी वॉचमनने विचारलं, "किसके फ्लॅट में जाना है, चाचा?"

सून हे हसत सांगत होती. घरात ती गोष्ट गमतीची होऊन गेली होती. शेडगे तेव्हा अंगणात होते. त्यांच्या शेताच्या उरलेल्या तुकड्यावर आठ खोल्या बांधून त्या आयटीतल्या मुलांना भाड्याने दिल्या होत्या, आणि कुणाच्या तरी नळाचं पाणी येत नव्हतं म्हणून ते पाना घेऊन धावत होते. मला हसू आलं नाही. जिंकलेला हुकूम खिशात आणि आत जायला गेटच नाही, हे चित्र माझ्या डोक्यात रुतून बसलं ते अजून निघालेलं नाही.

मी त्यांच्याविरुद्ध शेवटपर्यंत उभी राहिले ती मंगल ओव्हाळ यांच्या केसमध्ये. मंगलताई नांद्याजवळच्या वस्तीतल्या. पिरंगुटच्या पुढच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या, अनेक वर्षं. सुपरवायझरशी वाद झाला, आणि एका सकाळी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. कंपनीचं म्हणणं, आम्ही काढलंच नाही, बाई स्वतःहून काम सोडून गेल्या. आमचं म्हणणंही तेच, कारण आम्ही कंपनीचे वकील.

मंगलताईंची निवृत्ती अठ्ठावन्नला होती. केस आली तेव्हा त्यांना चार वर्षं उरली होती. आमच्या साहेबांनी फाइल पाहिली आणि म्हणाले, "हिला चार वर्षं खेळवली की विषय संपला. मग कामावर घ्यायचा प्रश्नच उरत नाही, थोडे पैसे देऊन मोकळं." हे त्यांनी माझ्यासमोर, मला शिकवावं म्हणून सांगितलं. मी वहीत लिहूनही घेतलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, ही गोष्ट मी लपवत नाही.

मंगलताई दर तारखेला यायच्या. कंपनीचं जुनं ओळखपत्र गळ्यात घालूनच यायच्या, त्याची दोरी विटून गेलेली. मी एकदा त्यांना व्हरांड्यात विचारलं, तडजोड का करत नाही, बरी रक्कम मिळेल. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, चोरासारकं गेटवरनं हाकललं मला. सगळ्या बायकांनी बघितलं. मला त्याच गेटातनं आत जायचंय. मंग एक दिस का आसंना."

म्हणजे शेडगेंना नुसती केस जिंकायची नव्हती. त्या बाईचं वय संपायच्या आत जिंकायची होती. दर मुदतीला तिच्या कामाचे दिवस कमी होत होते आणि दर मुदतीला शेडगेंच्या व्हरांड्यातल्या फेऱ्या वाढत होत्या. मी अर्ज घेऊन जायचे, ते भिंतीला कागद लावायचे, सक्त हरकत, दोन रेघा. जजसाहेब अर्ज वाचायचे, माझ्याकडे बघायचे, आणि बहुधा पुढची तारीख द्यायचे.

एका सोमवारी मात्र वेगळं झालं. अर्जात नेहमीचंच कारण होतं, साहेब हायकोर्टात. शेडगेंनी हरकत लिहिली, पण अर्ज माझ्या हातात दिला नाही. स्वतःच पुढे घेऊन गेले.

"सायब, एक इचारायचंय," ते जजसाहेबांना म्हणाले. "हायकोर्ट आता मुठ्यात भरतंय का?"

जजसाहेबांना काही कळेना. मला कळलं आणि माझे कान तापले. आमच्या साहेबांनी मुठा गावात नदीकाठी बंगला बांधला होता, आणि शनिवार-रविवारला जोडून सोमवारही ते तिथेच काढायचे.

"माजी धाकली भन दिली हाय मुठ्यात," शेडगे शांतपणे म्हणाले. "सकाळी फोन आला तिचा. म्हनली, वकीलसायबांची गाडी हितंच हाय, माळ्याला हाका मारत्यात."

कोर्टात हशा पिकला. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तुमचे साहेब नक्की कुठे आहेत?" मी म्हटलं, "मला नक्की माहिती नाही, सर." खरं तर मला नक्की माहिती होती. त्या दिवशी मुदत मिळाली, पण पहिल्यांदाच आमच्यावर कॉस्ट लागली. खोटं कारण देऊन वेळ घालवल्याबद्दल, असं रोजनाम्यात स्पष्ट लिहून.

कॉस्टची रक्कम मी बाहेर आल्यावर शेडगेंपुढे धरली. ते मागे सरकले, जणू मी निखारा धरलाय.

"न्हाई घ्यायची."

"अहो काका, तुम्हीच मागितली ना?"

"मागितली ती लिवून येन्यासाठी. घ्यायला न्हाई." मग त्यांनी मला, विरोधी पक्षाच्या वकिलीणीला, व्हरांड्यात चालता चालता कायदा शिकवला. "नीट ऐक. कॉस्ट घिऊन पावती केली, म्हंजे तो हुकूम आपुन मान्य केला. मंग त्या हुकमाच्या इरुद्ध वर जाता येत न्हाई. उद्या मला वर जाऊन म्हनायचं आसंल की ह्यांनी नुसत्या मुदतीच काढल्या, तर म्हनत्याल, तुमी तर पैसं घेतलं की." एवढं बोलून त्यांनी किल्लीने बाकाकडे दाखवलं. "मंगलला इचार हवं तर. पैशाची गरज तिला हाय, मला न्हाई."

मंगलताई बाकावर होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग शेडगेंकडे, आणि मान हलवली. मी पैसे परत पर्समध्ये ठेवले. त्या दिवशी मंगलताई बसचे पैसे वाचवायला कोथरूडपर्यंत चालत गेल्या, असं मला आमच्या कारकुनाने नंतर सांगितलं.

पुढे साक्षीची वेळ आली. कंपनीचा पर्सोनेल ऑफिसर साक्षीदार म्हणून उभा राहणार होता आणि शेडगे त्याची उलटतपासणी घेणार होते. त्यांच्याकडे एक कागद आहे हे आम्हाला माहिती होतं, आणि त्याचीच आम्हाला धास्ती होती. गेटवरच्या वॉचमनच्या वहीचं पान. काम सोडून गेली म्हणतात ती बाई त्यानंतर अकरा दिवस रोज सकाळी गेटवर येत होती, आणि रोज तिने त्या वहीत सही केली होती. त्या पानाबद्दल ऑफिसरला एकच प्रश्न विचारला असता तर आमची केस तिथेच संपली असती.

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी शेडगेंची आई गेली. नव्वदीच्या पुढची म्हातारी, पण शेवटपर्यंत घरात तिचाच शब्द चालायचा. संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले. साहेबांना कळल्यावर त्यांनी लगेच मला सांगितलं, "त्यांना निरोप दे, उद्या खुशाल मुदत घ्या, आपण हरकत घेणार नाही." साहेबांचं मन मोठं आहे असं मला क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, त्यांना तर मुदत हवीच होती.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला शेडगे व्हरांड्यात होते. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे लाल.

"काका, आज कशाला आलात?" मी म्हटलं. "आम्ही हरकत घेणार नव्हतो."

"सावडायचं उद्या हाय. आज मोकळाच हाय मी." किल्ली बोटांवर वाजत होती. "मुदत मागायची न्हाई. आयुष्यात मागितली न्हाई. आईनं बी माग म्हनून सांगितलं नसतं."

त्यांनी उलटतपासणी सुरू केली. सुरुवात झकास झाली. ऑफिसर दोनदा गडबडला. मग मधेच शेडगे गप्प झाले. साक्षीदाराकडे बघत राहिले, पण त्याला बघत नव्हते. जजसाहेबांनी विचारलं, "पुढे?" शेडगेंनी पिशवीत हात घातला, तसाच बाहेर काढला, आणि म्हणाले, "झालं, सायब."

वहीच्या पानाचा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. टेबलाखाली साहेबांनी बुटाने माझा पाय दाबला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, जिंकल्याचा लख्ख आनंद झाला. साक्षीदार सुटला, तारीख पडली, आम्ही बाहेर आलो. व्हरांड्याच्या टोकाला शेडगे उभे होते आणि त्यांच्या हातात ते पान होतं. मंगलताई शेजारी उभ्या होत्या. माझा आनंद तिथेच ओसरला.

आठवडाभराने शेडगे स्वतः अर्ज घेऊन माझ्याकडे आले. साक्षीदाराला पुन्हा बोलवावं, एक प्रश्न विचारायचा राहिला आहे, असा अर्ज. कारणाच्या जागी आईचं नाव कुठेही नव्हतं. 'माझ्या चुकीमुळे' एवढेच शब्द होते. मी साहेबांना फोन लावला. ते मुठ्यातच असावेत, मागे पाण्याचा पंप ऐकू येत होता. म्हणाले, "हरकत घे. आणि कॉस्ट माग. त्याच्याच शब्दांत लिही, म्हणजे त्याला कळेल."

मी लिहिलं. सक्त हरकत, कॉस्ट लावावी. अक्षर वाकडं आलं. अर्ज परत देताना मी मान वर केली नाही.

शेडगेंनी वाचलं. "बराबर हाय," ते म्हणाले. "निस्ती रेघ ऱ्हायली." त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद भिंतीवर धरला, आणि मी लिहिलेल्या 'सक्त'च्या खाली स्वतः दोन रेघा मारल्या. मला रडू आलं. मी तोंड फिरवून घेतलं, पण त्यांना दिसलं असणार.

साहेब आलेच नव्हते, त्यामुळे मी एकटीच उभी राहिले आणि त्या दिवशी आम्ही मुदत देऊ केली होती हे सांगितलं. जजसाहेबांनी शेडगेंना विचारलं, "त्या दिवशी आई गेल्या होत्या ना तुमच्या? ते का लिहिलं नाहीत?"

"आई गेली हे मुदतीला कारन व्हतं, सायब. ती मी मागितली न्हाई. चुकीला कारन म्हून आईला पुढं करनार न्हाई."

जजसाहेबांनी कागद चाळले. मग त्यांनी साक्षीदाराला पुन्हा बोलवायची परवानगी दिली, पण कॉस्ट लावून. मुदत देऊ केलेली असताना ती नाकारली, तोच साक्षीदार दुसऱ्यांदा आणायची वेळ आणली, हा हट्ट अवाजवी होता, असं त्यांनी लिहिलं. दुसऱ्यांच्या अवाजवी वागण्यावर आयुष्यभर बोट ठेवणाऱ्या माणसाच्या नावापुढे तो शब्द लागला. शेडगे "मान्य हाय सायब" म्हणाले आणि बाहेर पडले.

व्हरांड्यात त्यांनी लगेच पिशवीतून पैसे काढले आणि माझ्यापुढे धरले. दुसऱ्या हातात पावतीचा कागद, आधीच लिहून ठेवलेला.

"घे. आन कर सही."

मला तिथून सुटायचं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मी पैसे घेतले आणि पेन कागदावर टेकवलं. नावाचं पहिलं अक्षर काढलं, आणि मला त्यांनी शिकवलेला कायदा आठवला. कॉस्ट घेऊन पावती केली की हुकूम मान्य केला. मी ही सही पुरी केली तर कंपनीला या हुकमाविरुद्ध हायकोर्टात जाता येणार नव्हतं. गेली असती तर त्यात वर्ष सहज गेलं असतं, आणि मंगलताईंकडे वर्ष नव्हतं. मी वर पाहिलं. शेडगे माझ्याकडे बघतच नव्हते. किल्लीही वाजत नव्हती.

मी सही पुरी केली.

साहेब संतापले. "पावती केलीस? अक्कल गहाण ठेवली होतीस का?" मी म्हटलं, चुकून झाली. आज पहिल्यांदाच सांगते, चुकून नव्हती झाली. वकील म्हणून मी माझ्या पक्षकाराशी बरोबर वागले नाही आणि त्याचं समर्थन माझ्याकडे नाही. पण तसाच प्रसंग पुन्हा आला तर काय करशील, असं मला कुणी विचारू नये.

पर्सोनेल ऑफिसर पुन्हा आला. शेडगेंनी एकच प्रश्न विचारला आणि पान पुढे केलं. ऑफिसरने पाणी मागितलं. मग कबूल केलं, सह्या मंगलताईंच्याच आहेत. निकाल लागला तो त्या पानावर. मंगलताईंना कामावर परत घ्यावं, आणि खोटी कारणं देऊन केस लांबवल्याबद्दल कंपनीने वेगळी कॉस्ट द्यावी. निकालात जजसाहेबांनी आमचे मुदतीचे सगळे अर्ज एकेक करून मोजले होते आणि लिहिलं होतं, की यातल्या प्रत्येक अर्जावर कामगाराच्या बाजूची हरकत नोंदलेली आहे. शेडगेंच्या त्या भिंतीवरच्या दोन दोन रेघा अशा कामाला आल्या. निवृत्तीला एक महिना आणि काही दिवस उरले होते. साहेब वर जायला तयारच होते, पण कंपनीचा मालक वैतागून म्हणाला, महिन्याभरासाठी कशाला आता, घ्या तिला.

त्या वर्षाअखेर मी साहेबांचं ऑफिस सोडलं आणि पौडला माझं छोटंसं काम सुरू केलं. शेडगे पुढच्याच वर्षी गेले, असं सुनेने फोनवर सांगितलं. सकाळी मोटरसायकलला किक मारताना गेले म्हणाली. त्यामुळे मंगलताई कामावर रुजू झाल्या त्या सकाळी गेटवर मी त्यांना पाहिलं, ते शेवटचं.

पहिली पाळी सातची. कंपनीच्या बाजूने कागद पुरे करायला साहेबांनी मला पाठवलं होतं. पावणेसातला शेडगेंची मोटरसायकल आली. मागे मंगलताई, इस्त्रीची साडी, डोक्यात गजरा, आणि गळ्यात तेच जुनं ओळखपत्र. वॉचमन म्हणाला, "एचआर मॅडम अजून यायच्यात. पाच मिनिटं थांबा."

"सक्त हरकत," शेडगे म्हणाले.

वॉचमन बावरला. मी पुढे झाले, हुकमाची प्रत दाखवली, आणि त्याने छोटं दार न उघडता मोठं गेट सरकवलं. आतून चार-सहा बायका बघत होत्या. मंगलताई उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या. मग आत गेल्या. वॉचमनने वही पुढे केली तेव्हा त्यांनी सही केली. भोंगा झाला.

माझं काम संपायला नऊ वाजले. बाहेर आले तर शेडगे होतेच. गेटपासून रस्त्याच्या वळणापर्यंत फेऱ्या चालू होत्या.

"काका, अजून इथेच? आज तुमची तारीख आहे ना दुसऱ्या केसला? मी कोर्टाच्या बोर्डावर पाहिली होती."

"व्हती. मुदत मागितली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुम्ही? मुदत?"

"ज्याची केस हाय त्या गड्याला इचारलं आधी. तो म्हनला, जावा तुमी. मंग काल दुपारी जाऊन अर्ज दिला."

"कारण काय लिहिलंत?"

"खरं ते लिवलं. कामगार बाई उद्या कामाव जानार हाय, ते बघायचंय." ते चालतच होते, मीही त्यांच्या बरोबरीने. "तीन वाजता सुट्टी हुईल. तवर हाय हितंच."

"आणि समोरच्या वकिलाने काय लिहिलं?"

"त्यानं लिवलं, हरकत न्हाई." शेडगे हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "मंग मीच लिवलं खाली. कॉस्ट लावावी."

"रेघा?"

"दोन."

मी स्कूटर सुरू केली. ऊन चढायला लागलं होतं. समोरच्या टपरीवाल्याने त्यांना हाक मारून स्टूल पुढे केलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. वळणावर मी आरशात पाहिलं. शेडगे वळणापर्यंत येऊन परत फिरले होते. चार पावलं चालायचे, मान वर करायचे, गेट जागेवर आहे ना ते बघायचे, आणि पुढची चार पावलं टाकायचे.